घरी परतलेले तिघे

६ जून १९४४ या दिवशी साऱ्या जगाचे कान नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे लागले होते. त्याच दिवशी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प मॅकॉल या छत्रीधारी सैनिकांच्या तळावर तीस वर्षांचा एक सार्जंट स्फोटकं कशी हाताळायची याचा पाठ देत होता. प्रशिक्षणासाठी एक फिल्म तयार होत होती, तिच्यासाठी हे काम चाललं होतं. फ्यूज सदोष निघाला आणि हातातलं टीएनटी हातातच फुटलं. सार्जंटचं नाव हॅरॉल्ड रसेल. जन्म कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातला, वाढला मॅसॅच्युसेट्समध्ये, युद्धापूर्वी नोकरी दुकानात मांस कापून विकण्याची. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो भरती झाला होता. आघाडीवर न जाताच त्याचे दोन्ही हात गेले.

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्याच्यापुढे दोन पर्याय आले. एक, खऱ्या हातांसारखे दिसणारे प्लास्टिकचे पंजे. ते शोभेचे, कामाला फारसे उपयोगी नाहीत. दुसरा, पोलादी हुक. ते बघवत नाहीत, पण त्यांनी जेवता येतं, लिहिता येतं, काडी ओढता येते. रसेलने हुक घेतले. ते चालवायला तो इतक्या सफाईने शिकला, की हात गमावलेल्या इतर सैनिकांना धीर यावा म्हणून लष्कराने त्याच्यावर ‘डायरी ऑफ अ सार्जंट’ नावाचा छोटा माहितीपट काढला.

इकडे हे घडत असताना ७ ऑगस्ट १९४४च्या ‘टाइम’ साप्ताहिकात एक लेख आला. रजेवर घरी निघालेल्या मरीन सैनिकांच्या रेल्वेप्रवासाचा. घर जवळ येऊ लागतं तशी या पोरांची बडबड थांबते, आणि रणांगणावर न घाबरलेले आता घराच्या दाराला घाबरू लागतात, असं त्यात टिपलं होतं. हॉलिवूडचे निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी तो वाचला आणि यावर चित्रपट व्हायला हवा असा नवऱ्याकडे आग्रह धरला. युद्ध अजून वर्षभर चालायचं होतं. लढाईचे चित्रपट धडाधड निघत होते, परतीचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. गोल्डविनही आधी राजी नव्हते. मग त्यांनी मॅकिन्ले कँटर या लेखकाला बोलावून कथा लिहायला सांगितली.

कँटर युद्धवार्ताहर होता, बॉम्बफेकी विमानांतून मोहिमांवर जाऊन आला होता. गोल्डविनना हवी होती पटकथेसाठी साधी रूपरेषा. कँटरने आणून दिलं एक अख्खं कथाकाव्य, निर्यमक छंदातलं. ‘ग्लोरी फॉर मी’ या नावाने ते १९४५मध्ये पुस्तकरूपाने निघालंही. गोल्डविन वैतागले, हस्तलिखित बाजूला पडलं. पण त्यातली तीन माणसं मात्र पक्की होती: बँकेतला प्रौढ अधिकारी, जो सैन्यात साधा सार्जंट होता, औषधांच्या दुकानात सोडा विकणारा तरुण, जो हवाई दलात कॅप्टन झाला, आणि जायबंदी होऊन परतलेला कोवळा नौसैनिक. युद्धाने तिघांच्या पायऱ्या उलटसुलट केल्या होत्या आणि शांतता त्या पुन्हा होत्या तिथे आणून ठेवणार होती. पुढे बनलेल्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ या चित्रपटाचं सगळं नाट्य या मांडणीत आहे, आणि तिचं श्रेय कँटरला मोकळेपणाने द्यायला हवं.

पटकथा रॉबर्ट शेरवूड यांनी लिहिली. शेरवूड मोठे नाटककार, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची भाषणं लिहिणाऱ्यांपैकी एक, आणि पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या पलटणीतून लढून जखमी झालेले. त्यांनाही शंका होती. १९४५च्या उन्हाळ्यात युद्ध संपलं तेव्हा, चित्रपट पडद्यावर येईपर्यंत हा विषय शिळा झालेला असेल, असं त्यांनी गोल्डविनना कळवलं. गोल्डविननी ऐकलं नाही. तोवर विषय त्यांच्या मनात पक्का बसला होता.

दिग्दर्शक विल्यम वायलर. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सासमध्ये जन्मलेला हा ज्यू माणूस ‘मिसेस मिनिव्हर’ पूर्ण करून हवाई दलात दाखल झाला. ‘मेम्फिस बेल’ या बॉम्बफेकी विमानावरच्या माहितीपटासाठी त्याने जर्मनीवरच्या खऱ्याखुऱ्या मोहिमांमध्ये उड्डाणं केली. १९४५मध्ये इटलीत दुसऱ्या माहितीपटाचं चित्रण करताना विमानातल्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाने त्याची श्रवणशक्ती गेली. पुढे एका कानाने थोडंफार ऐकू येऊ लागलं, दुसरा कायमचा गेला. आपलं दिग्दर्शन संपलं असंच तो धरून चालला होता. शेवटी कानाला हेडफोन लावून, ध्वनियंत्रणेला जोडून घेऊन तो सेटवर बसू लागला. म्हणजे घरी परतलेल्या जखमी सैनिकांचा हा चित्रपट बनवणारा स्वतः त्यांच्यातलाच एक होता. पडद्यावर हे पदोपदी जाणवतं.

कँटरच्या मूळ काव्यातल्या नौसैनिकाच्या मेंदूला इजा झालेली होती; त्याचे हातपाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत. कुठल्याही नटाने हे केलं तर सोंग वाटेल, असं वायलर आणि शेरवूड यांचं मत पडलं. त्याच सुमारास रसेलचा तो माहितीपट वायलरच्या पाहण्यात आला. रसेल तेव्हा बोस्टन विद्यापीठात शिकत होता. त्याला बोलावलं, आणि होमर पॅरिश या पात्राचे हात पोलादी झाले. गोल्डविननी त्याला अभिनयाच्या शिकवणीला घातल्याचं कळताच वायलरने ती बंद पाडली. त्याला नट नको होता, रसेल हवा होता.

आता हे सगळं कोणत्या दिवसांत चाललं होतं तेही बघू. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचे सव्वा कोटीच्या आसपास लोक गणवेशात होते. १९४७च्या मध्यापर्यंत ही संख्या पंधरा लाखांवर आली. एवढी माणसं दीड-दोन वर्षांत घरी आली. प्रवासी बोटी पुरेनात म्हणून विमानवाहू जहाजांच्या पोटात खाटा टाकून त्यांना आणलं. आमच्या बाबांना परत पाठवा म्हणून आयांनी काँग्रेसच्या सदस्यांकडे तान्ह्या मुलांचे बूट पाठवले. आणि हे बाबा आले तेव्हा राहायला घरं नव्हती. तरुण जोडपी सासरच्या एका खोलीत किंवा गॅरेजमध्ये संसार मांडत होती. युद्धाच्या घाईत झालेली लग्नं भराभर मोडत होती. १९४६ साली अमेरिकेत सहा लाखांहून जास्त घटस्फोट झाले, तोवरचा हा उच्चांक.

सरकारने तयारी केली होती, कारण मागचा अनुभव लाजिरवाणा होता. १९३२च्या मंदीत पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक कबूल केलेला भत्ता मागायला वॉशिंग्टनला जमले, तेव्हा त्यांच्या झोपड्या लष्कराकरवी उठवल्या गेल्या होत्या. ते पुन्हा होऊ नये म्हणून २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. जी. आय. बिल या नावाने तो प्रसिद्ध आहे. कॉलेजची फी, घरासाठी आणि धंद्यासाठी कर्जाची हमी, नोकरी मिळेपर्यंत वर्षभर आठवड्याला वीस डॉलर. कायदा मोठा होता, त्याने एका पिढीचं आयुष्य बदललं. पण कर्जाला सरकारची हमी असली तरी कर्ज बँकेनेच द्यायचं होतं, आणि बँकेच्या टेबलापलीकडे कोण बसला आहे यावर बरंच अवलंबून होतं. शेरवूडने नेमकी हीच जागा हेरली.

‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’चं चित्रण एप्रिल ते ऑगस्ट १९४६ या काळात झालं. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. कॅप्टन फ्रेड डेरी विमानतळावर तिकीट मागतो. जागा नाही म्हणून त्याला थांबायला सांगतात. शेजारी एक गबर गृहस्थ गोल्फच्या काठ्यांचं जादा वजन भरतो आणि सरळ विमानात चढतो. कुणी त्यावर एक शब्दही बोलत नाही. मग फ्रेड, सार्जंट अल स्टीव्हन्सन आणि होमर एका बॉम्बफेकी विमानाने आपल्या बून सिटी या काल्पनिक गावी निघतात. कागदावर सही करायची वेळ येते, कारकून होमरसाठी स्वतःच पेन उचलू बघतो, आणि होमर शांतपणे हुकात पेन धरून सही ठोकतो. विमानात तो काडी पेटवून दोघांच्या सिगारेटी शिलगावतो. मी टेलिफोन फिरवतो, गाडी चालवतो, असं स्वतःवर विनोद करत सांगतो. प्रेक्षक हसतो आणि त्याला हायसं वाटतं. पहिल्या पाच मिनिटांत त्या हुकांकडे टक लावून पाहण्याची मुभा वायलरने आपल्याला दिलेली असते.

टॅक्सी होमरच्या घरापाशी येते तेव्हा हा विनोद आटतो. तो म्हणतो, आधी बुच काकाच्या बारमध्ये जाऊन एकेक पेला घेऊ. दोघे त्याला उतरवतात. धाकटी बहीण धावत येते, आई-वडील येतात, शेजारची विल्मा येते. टॅक्सीतल्या मित्रांना निरोप द्यायला होमर हात वर करतो, आणि हुक पाहताच आईच्या तोंडून हुंदका फुटतो. विल्मा त्याला मिठी मारते. त्याचे हात दोन्ही बाजूंना तसेच सरळ. टॅक्सी निघते तेव्हा फ्रेड म्हणतो की नौदलाने पोराला हुक चालवायला झकास शिकवलंय. अल उत्तर देतो, आपल्या प्रेयसीला जवळ कसं घ्यायचं ते काही त्यांना शिकवता आलं नाही.

या चित्रपटाला हसू आणि दुःख यांचं मिश्रण म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. हसू यात एका ठरावीक जागी येतं. परक्यांत, सैनिक सोबत्यांत, दारूच्या गुत्त्यात होमर विनोद करतो, कारण तिथे तो बरोबरीचा असतो. घरात कुणी हसत नाही. सगळे जपून बोलतात, त्याच्या हातून पेला निसटला की नजर फिरवतात, आणि ती फिरवलेली नजर त्याला डाचते. माया करणाऱ्या माणसांची कीव सोसणं त्याला शत्रूच्या माऱ्यापेक्षा जड जातं. म्हणून पहिल्याच रात्री तो घरातून सटकतो आणि बुच काकाच्या बारमध्ये येतो. थोड्या वेळाने बाकीचे दोघेही, आपापल्या घरात जीव न रमल्याने, तिथेच उगवतात.

अलचं घरी येणं तर हॉलिवूडच्या इतिहासातल्या सर्वोत्तम क्षणांपैकी एक मानलं जातं, आणि ते रास्तच आहे. दार उघडणाऱ्या मुलाच्या तोंडावर तो हात ठेवतो, मुलीलाही गप्प करतो. आतून बायकोचा, मिलीचा, आवाज येतो: कोण आहे? उत्तर येत नाही. त्या शांततेतच तिला उमगतं. एका लांब बोळाच्या दोन टोकांना दोघं. युद्धातून परतल्यावर न्यूयॉर्कच्या हॉटेलात बायको अशीच बोळाच्या दुसऱ्या टोकाला दिसली होती, ती वायलरची स्वतःची आठवण त्याने इथे वापरली. यापुढे मात्र सगळं गमतीचं होत जातं. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरणारा अल बायको-मुलीला घेऊन बार धुंडाळत फिरतो, झिंगतो, आणि नाचता नाचता मिलीलाच सांगतो की तू मला माझ्या बायकोची आठवण करून देतेस. मिलीचं काम करणारी मर्ना लॉय हे ऐकून ज्या समजुतीने हसते, त्यात चार वर्षांच्या एकटेपणाचा सगळा हिशेब आहे.

अलला बँकेत बढती मिळते. छोट्या कर्जांचा विभाग, म्हणजे माजी सैनिकांची कर्जं. शेत घेऊ इच्छिणारा एक सैनिक येतो. तारण काही नाही. अल कर्ज मंजूर करतो आणि वरिष्ठांची बोलणी खातो. मग त्याच्या सत्काराची मेजवानी ठेवली जाते. तो पेल्यामागून पेले रिचवत असतो आणि शेजारी बसलेली मिली टेबलक्लॉथवर काट्याने एकेक रेघ ओढत हिशेब ठेवत असते. बोलायला उभा राहतो तेव्हा त्याची जीभ जड झालेली असते, पण तो गोष्ट नेमकी सांगतो: समोरची टेकडी काबीज करायचा हुकूम आला, आपण वरिष्ठाला म्हणालो तारणाशिवाय जमणार नाही, म्हणून टेकडी घेतली नाही आणि युद्ध हरलो. फ्रेडरिक मार्चला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. तो प्रसंग पाहताना सगळं सभागृह हसतं, आणि जी. आय. बिलाचं दुखणं काय होतं तेही समजून घेतं.

फ्रेडची बाजू सर्वांत कडवट. रेल्वेरुळांच्या कडेच्या झोपडीवजा घरात राहणारा बाप, युद्धाच्या घाईत केलेली आणि गणवेशावर भाळलेली बायको, आणि पुन्हा तोच औषधांच्या दुकानाचा काउंटर, आठवड्याला साडेबत्तीस डॉलरवर. रात्री जळणाऱ्या विमानाची स्वप्नं पडून तो ओरडत उठतो. दुकानात एक गिऱ्हाईक होमरला सांगतं की आपण चुकीच्या शत्रूशी लढलो, तुझे हात फुकट गेले. होमर भडकतो, फ्रेड त्या माणसाला ठोसा लगावतो आणि नोकरी गमावतो. गाव सोडायला निघालेला फ्रेड विमानतळाशेजारच्या भंगारात जाऊन उभा राहतो. ही जागा सेट नव्हती. कॅलिफोर्नियात ऑन्टारिओला लष्कराने मोडीत काढलेल्या विमानांच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या, तिथे वायलरने कॅमेरा नेला. पंखे काढून घेतलेल्या एका विमानाच्या नाकात, बॉम्ब टाकणारा जिथे बसतो तिथे, फ्रेड जाऊन बसतो आणि ते मेलेलं विमान त्याच्यापुरतं पुन्हा उडू लागतं. खालून मुकादम हाक मारतो. या भंगारातून तयार घरं बांधणार आहेत म्हणे. फ्रेड काम मागतो आणि त्याला ते मिळतं.

छायाचित्रकार ग्रेग टोलंड. ‘सिटिझन केन’ त्यानेच टिपला होता. जवळचं आणि लांबचं दोन्ही सारखंच स्वच्छ दिसेल अशी त्याची पद्धत, त्यामुळे कुठे बघायचं हे प्रेक्षकानेच ठरवायचं. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी यातल्या एका प्रसंगावर जे लिहिलं ते सिनेमाच्या अभ्यासकांना आजही शिकवलं जातं. बुच काकाचा बार. पुढे होमर आणि काका पियानोवर बसले आहेत, काकाने शिकवलेली एक सोपी धून होमर हुकांनी वाजवतोय. अल बाजूला उभा राहून कौतुकाने बघतोय. पार मागे, कोपऱ्यातल्या टेलिफोनच्या खोक्यात फ्रेड उभा आहे; अलच्या मुलीला, पेगीला, आपलं नातं संपलं असं कळवतोय, अलनेच तसं सांगितलं म्हणून. त्याचा शब्दही आपल्याला ऐकू येत नाही. पुढे पियानोची गंमत, मागे एक प्रेम मोडतंय, आणि अल एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. वायलरने एकाच चौकटीत दोन्ही आपल्यापुढे ठेवलं. बुच काकाचं काम करणारा होगी कारमायकल खऱ्या आयुष्यात नामवंत संगीतकार होता. मला हे पात्र फार मोलाचं वाटतं. सगळ्या गावात होमरला कीव न करता काहीतरी नवं शिकवणारा तो एकटाच आहे.

आणि मग ती रात्र. होमर विल्माला वर खोलीत नेतो, रोज झोपताना काय होतं ते दाखवायला. हुक आणि त्यांचे पट्टे उतरवले की तो काहीच करू शकत नाही. दार लागलं तर हाक मारल्याशिवाय उघडू शकत नाही, सिगारेट ओढू शकत नाही. तो हे सगळं तिला सपाट आवाजात सांगतो. विल्मा त्याच्या पायजम्याच्या सदऱ्याची बटणं लावते, पांघरूण घालते. इथे विनोद नाही, पार्श्वसंगीताचा आधारही फारसा नाही. तोवरच्या हॉलिवूडमध्ये खऱ्या जखमी माणसाचं उघडं शरीर असं कुणी दाखवलं नव्हतं.

त्याच १९४६ साली दिग्दर्शक जॉन ह्यूस्टननेही एक माहितीपट पूर्ण केला होता, ‘लेट देअर बी लाइट’. लाँग आयलंडच्या लष्करी रुग्णालयात मनाने खचलेल्या सैनिकांवरचा. थरथरणारे, वाचा गेलेले, रडणारे जवान त्यात होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तो दाखवायच्या आधी लष्कराने प्रत जप्त केली, आणि १९८०च्या डिसेंबरपर्यंत तो लोकांपुढे येऊ दिला नाही. शरीराची जखम दाखवायला परवानगी होती, मनाची नव्हती. वायलरला मात्र कथेच्या आडून फ्रेडची दुःस्वप्नं दाखवता आली.

चित्रपटात काय नाही, तेही सांगायला हवं. फ्रेडच्या बायकोला, मारीला, शेरवूडने न्याय दिलेला नाही. तिने एकटीने नोकरी करून स्वतःचं आयुष्य उभं केलं होतं, पण ती उथळ म्हणून मोकळी केली जाते. याहून मोठी उणीव म्हणजे बून सिटीत परतलेला एकही काळा सैनिक आपल्याला भेटत नाही. दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकी या युद्धात गणवेशात होते. चित्रण सुरू होण्याच्या दोन महिने आधी, १२ फेब्रुवारी १९४६ रोजी, सार्जंट आयझॅक वुडर्ड लष्करातून मोकळा होऊन गणवेशातच बसने घरी निघाला होता. साउथ कॅरोलायनातल्या बेट्सबर्गमध्ये पोलिसांनी त्याला बसमधून उतरवून मारलं, इतकं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. युद्धातून धडधाकट आलेला माणूस आपल्याच देशात आंधळा झाला. आरोपी पोलीसप्रमुखाला गोऱ्या ज्यूरीने अर्ध्या तासात निर्दोष सोडलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन या घटनेने हादरले आणि २६ जुलै १९४८ रोजी त्यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. जी. आय. बिलातली घरं आणि कर्जं काळ्या सैनिकांना मिळवणं त्यानंतरही फार अवघड राहिलं, कारण बँका त्यांना दारातूनच परत पाठवत. अलसारखा अधिकारी त्यांच्या वाट्याला क्वचितच आला.

२१ नोव्हेंबर १९४६ला न्यूयॉर्कच्या ॲस्टर थिएटरात चित्रपट लागला. जवळजवळ तीन तासांचा, एकही लढाई नसलेला. विषय शिळा होईल ही शेरवूडची भीती खोटी ठरली. ‘गॉन विथ द विंड’नंतर अमेरिका आणि ब्रिटनमध्ये इतकी गर्दी कुठल्याच चित्रपटाने खेचली नव्हती. १३ मार्च १९४७च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, सहाय्यक अभिनेता, पटकथा, संकलन आणि संगीत अशी सात पारितोषिकं त्याने घेतली. रसेल नट नसल्याने त्याला स्पर्धेत काही मिळणार नाही असं धरून, माजी सैनिकांना आशा आणि धीर दिल्याबद्दल अकादमीने त्याच्यासाठी मानद ऑस्कर ठेवलं होतं. त्याच रात्री स्पर्धेतलं सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्करही त्यालाच मिळालं. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेला तो एकमेव.

वारं मात्र लगेच फिरलं. १९४७च्या ऑक्टोबरात काँग्रेसच्या समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांचा शोध मांडला. या चौकशीविरुद्ध उभ्या राहिलेल्या चित्रपट कलावंतांमध्ये वायलर आघाडीवर होता. वर्षापूर्वी हा चित्रपट जसा काढला तसा आता मला काढू देणार नाहीत, असं त्याने रेडिओवरून देशाला सांगितलं. बँकवाल्यांना चार शब्द सुनावणारा सार्जंट आता संशयित ठरला असता.

पुढे या वाटेवर अनेकजण आले. १९५०चा ‘द मेन’, ज्यात मार्लन ब्रँडो पहिल्यांदा पडद्यावर दिसला, कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचा होता. २००८मध्ये नील बर्गरने ‘द लकी वन्स’मध्ये इराकहून आलेल्या तीन जखमी सैनिकांना भाड्याच्या गाडीत बसवून अमेरिकाभर फिरवलं; चांगल्या नटांचा तो हलकाफुलका चित्रपट तिकीटबारीवर साफ पडला. १९४६च्या प्रेक्षागृहात बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी युद्धावर गेलेलं होतं. इराकच्या वेळी तसं नव्हतं.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. रसेलचे हात गेले त्याच १९४४ साली पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं, आणि ते आजही सैनिकांना हातपाय बसवून देतं. जायबंदी सैनिकांना हाताला काम शिकवणारी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर त्याही आधीची, १९१७ची. कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठीचं खडकीतलं पुनर्वसन केंद्र १९७४चं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८मध्ये, आणि त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ आला २०२४मध्ये. आपल्याला त्यांची आठवण व्हायला साडेचार दशकं लागली. त्या चित्रपटातही भरपूर हसू आहे, ही गोष्ट मला समाधान देते.

रसेल पुन्हा बोस्टन विद्यापीठात गेला. हात नसलेल्या नटाला कामं मिळायची नाहीत, तू शिक्षण पुरं कर, हा वायलरचाच सल्ला होता. १९४९ला तो पदवीधर झाला. माजी सैनिकांच्या संघटनेचं नेतृत्व त्याने केलं, आणि अपंगांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून नेमलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या समितीचा तो १९६४पासून १९८९पर्यंत अध्यक्ष होता. भाषणात तो हमखास सांगायचा की या हुकांनी मी सगळं उचलू शकतो, फक्त हॉटेलातलं जेवणाचं बिल तेवढं उचलता येत नाही. १९९२मध्ये पत्नीच्या आजारपणाच्या खर्चासाठी त्याने सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर लिलावात काढलं; साठ हजार पाचशे डॉलर आले. २९ जानेवारी २००२ रोजी तो गेला.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात फौजेतून परतलेला माणूस नाही असं गाव विरळाच. तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी असेल तर हा चित्रपट त्याच्यासोबत बसून बघा. तो हसेल तिथे तुम्हीही मोकळेपणाने हसा, आणि तो बोलू लागला तर चित्रपट थांबवून त्याचं ऐका.